आत्याचं मत

माझी आत्या आमच्या घरात राहायची असं म्हणण्यापेक्षा पक्षात राहायची असं म्हणायला हवं, कारण घर आणि पक्ष यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त एक पडदा होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. जिना चढून आलं की पुढची खोली पक्षाची. तिथे एक टेबल, दोन बाकं आणि पत्रकांचे गठ्ठे. पडद्यामागे आमचा स्वयंपाक, झोपणं, भांडणं, आजारपण, सगळं. घराला दुसरं दार नव्हतं. आईला भाजी आणायला निघायचं असलं तरी बैठकीतून वाट काढावी लागायची. "सरका हो जरा, तुमची क्रांती भिंतीकडे घ्या," असं म्हणत ती पिशवी घेऊन जायची, आणि मोठमोठ्याने वाद घालणारी माणसं निमूटपणे पाय जवळ घ्यायची.

बाबा छापखान्यात मजकूर तपासायचं काम करायचे. ते आणि आत्या लहान असतानाच आईबाप गेले, तेव्हा बाबांनीच तिला वाढवलं. तिची वेणी घालायलासुद्धा ते शिकले होते. पुढे तिचं लग्न झालं, नवरा नोकरीसाठी बोटीवर गेला आणि तिकडचाच झाला. ती परत आली. बाबांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. पडद्यामागे आणखी एक खाट टाकली, बस्स. हे आत्या जन्मभर विसरली नाही. आणि माझं मत विचाराल तर तिचं सगळं अडलं ते तिथेच.

पक्ष बाबांनी काढला. ते आधी ज्यात होते तो मोठा पक्ष मवाळ झाला, सत्तेच्या मागे लागला, म्हणून दहा-बारा जण त्यातून बाहेर पडले. निशाणी मिळाली शिडी. लोक हसायचे. खालचा सायकलवाला म्हणायचा, "शिडी आहे हो तुमच्याकडे, पण टेकवणार कुठे? भिंत सगळी दुसऱ्यांची."

आत्याला या सगळ्यात रस नव्हता. ती दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्याच्या तळघरात ती लाँड्री. वरून दिवसभर मळक्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे कपडे यायचे. खाली मोठी पिंपं, वाफेच्या नळ्या, आणि ओल्या चादरी दाबून वाळवणारा रोलर. रोलरवर आत्याची जोडीदारीण होती एक ताडमाड बाई. सगळे तिला लंबू म्हणायचे. आत्या बुटकी, लंबू उंच. दोघी एकत्र चालायला लागल्या की बायका म्हणायच्या, "आला बघा, घड्याळाचा मोठा काटा आणि छोटा काटा." डबा एक, गुपितं एक. मी आजारी पडले तर लंबू घरी येऊन माझं डोकं दाबायची, आणि तिच्या सासूशी तिचं वाजलं की आत्या मध्ये पडायची.

तळघरातली एक नळी कितीतरी दिवस चिंध्यांनी बांधून चालवली होती. बायकांनी तक्रारी केल्या होत्या. साहेब म्हणायचे, बघू. एके दिवशी ती नळी फुटली आणि नव्याने लागलेल्या एका मुलीचा हात आणि मान भाजली. बायकांनी मशीनं बंद केली. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर चादरींची बोंब झाली आणि साहेब स्वतः तळघरात आले. म्हणाले, "रोगी उघड्या गाद्यांवर पडतील. त्याचं पाप तुमच्या माथी."

आत्या हळूच म्हणाली, "साहेब, ती पोरगी पण वरच झोपलीय. तिच्या गादीवरची चादर आम्ही घालून आलोय. बाकीच्यांचं आता तुम्ही बघा."

ती मोठ्याने बोललीही नव्हती. पण ते वाक्य बघता बघता शहरभर झालं. बाबांनी ते पत्रकावर छापलं. बैठकीतल्या माणसांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या एका वाक्याने केलं. लोक स्वतःहून जिना चढून यायला लागले. संप मिटला तेव्हा नळ्या नव्या आल्या आणि बायका नोकरीत कायम झाल्या. आत्याला खांद्यावर घ्यायला निघाले तर ती लंबूच्या मागे लपली.

मग निवडणूक आली. बाबा म्हणाले, "तू उभी राहा."

"दादा, मला काय कळतं त्यातलं?"

"मला सगळं कळतं, पण मला कुणी मत देत नाही," बाबा म्हणाले. हे मात्र खरं होतं. दोनदा आपटले होते.

ती उभी राहिली, कारण दादाने सांगितलं होतं. आणि निवडून आली. तिच्याबरोबर पक्षाचे आणखी दोघे आले, एक न्हावी आणि एक शाळामास्तर. नगरसभेत आमचे तीन सभासद झाले. विरोधक म्हणाले, "तीन तिघाडा, काम बिघाडा."

पहिल्याच सभेत तिने खालच्या गल्ल्यांतल्या नळांचा प्रश्न काढला. अमुक टाकी बांधली असती तर पाणी आलं असतं, असं काहीतरी म्हणाली. समोरून एक लठ्ठ, मिशाळ सभासद ओरडला, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" सगळी सभा हसली. आत्या हसू थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "मिशा तर तुम्हाला आहेत. मग सांगा ना काका, पाणी कधी सोडताय?" त्या माणसाला पुढे मरेपर्यंत सगळे काकाच म्हणत होते. आणि ती झाली सगळ्यांची आत्याबाई.

ते दिवस चांगले होते. पुढची खोली पुरेना, माणसं जिन्यात बसायची. आईने चहाची किटली बदलून पातेलं घेतलं. बाबांचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. आत्या मात्र लाँड्रीतली नोकरी सोडायला तयार नव्हती. सकाळी रोलर, दुपारी नगरसभा. "तिथे खुर्चीवर बसून माझी पाठ दुखते," म्हणायची, "खाली उभी राहिले की बरं वाटतं."

पुढच्या वर्षी नगरसभेत सत्तेवरच्यांचे काही लोक फुटले आणि आमच्या तीन मतांना एकदम सोन्याचा भाव आला. बाबा दिवसभर वाटाघाटींना जायला लागले. त्यांना एक गोष्ट हवी होती, भाडेकरूंचा ठराव. नगरसभेच्या मालकीच्या जुन्या घरांतून कुणालाही मनमानी काढता येणार नाही, असा तो ठराव होता. खालच्या गल्ल्यांत शेकडो कुटुंबं त्या घरांत राहत होती. लंबूचं घर त्यातलंच. पक्ष निघाला तेव्हापासून बाबा त्या ठरावाची वाट बघत होते.

सत्तेवरचे तयार झाले. पण त्यांनी तो ठराव वर्षाच्या अंदाजपत्रकाला जोडला. सगळं एकाच मतात, हो तर सगळ्याला हो. आणि त्या अंदाजपत्रकात, पार शेवटी, दवाखान्याची लाँड्री खासगी ठेकेदाराकडे द्यायची असं होतं.

पक्षाची बैठक झाली तेव्हा आत्या कामावर होती. ती आली तोवर निर्णय झाला होता. माणसं पांगली होती, खोलीत विड्यांचा धूर भरून राहिला होता. मी पडद्यामागे कांदा चिरत होते. बाबांनी तिला बसवलं आणि सांगितलं.

तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू मला माझा हात तोडून दे म्हणतोयस."

"तोडायचा नाहीये. वर करायचाय."

"तेच ते."

"एकीकडे लाँड्रीतल्या साठ-सत्तर बायका. दुसरीकडे शेकडो घरं. आणि बायकांना दुसरं काम मिळवून देऊ ना आपण. मी शब्द घेतलाय सत्तेवरच्यांकडून."

"मग मी राजीनामा देते. मास्तर आणि न्हावीदादा देतील मत."

"दोन मतांनी होत नाही. एका मतावर आलंय सगळं." बाबा तिच्या शेजारी बाकावर बसले. "तू गेलीस तर ठराव पडला. ठराव पडला तर पक्ष पडला. मग इतकी वर्षं मी काय केलं?"

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. नगरसभा, ठराव, पक्ष यांना आत्या नाही म्हणू शकली असती. वेणी घालणाऱ्या भावाला कसं म्हणणार? ती उठून पडद्याच्या आत आली, माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेले कांदे चिरायला लागली. मी म्हटलं, "आत्या, नको करू." ती म्हणाली, "इकडे आड, तिकडे विहीर. तू अभ्यास कर."

मत होईपर्यंत कुठे बोलायचं नाही असं पक्षाने ठरवलं होतं. आत्या रोज कामाला जात होती. पण अशा गोष्टी लपत नाहीत. एका सकाळी रोलरवर लंबूने विचारलं, "लाँड्री विकणार म्हणतात. खरं का गं?"

"अजून काही ठरलेलं नाही," आत्या म्हणाली.

"तू आहेस म्हणून मी निवांत आहे," लंबू म्हणाली.

हे मला आत्यानेच पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. मत दिल्याचं तिला जितकं लागलं नाही तितकं हे लागलं होतं.

मताच्या दिवशी मी वरच्या सज्जात होते. लाँड्रीच्या बायकाही आल्या होत्या, कामाच्या एप्रनवरच. आत्याबाई काहीतरी जोरात बोलणार, म्हणून त्या जागा धरून पुढे बसल्या होत्या. लंबू कठड्यावर हात टेकून उभी होती. चर्चा झाली. आत्या बोलली नाही. अध्यक्षांनी विचारलं, बाजूने कोण? हात वर झाले. न्हाव्याचा झाला, मास्तरांचा झाला. आत्याचा कोपरापासून वर आला आणि तिथेच राहिला.

अध्यक्ष डोळे बारीक करून म्हणाले, "मागच्या बाकावरच्या बाई, मोजता येत नाहीये. हात नीट वर करा."

मग तिने तो पूर्ण वर केला. बुटकी असल्यामुळे तिला जरा उठावं लागलं. सज्जातून कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. बायका एकेक करून उठल्या आणि जिना उतरून गेल्या. लंबू सगळ्यात शेवटी गेली.

संध्याकाळी आत्या लंबूकडे गेली. दार उघडंच होतं. लंबू म्हणाली, "घर वाचवलंस म्हणे माझं. नोकरी गेल्यावर या घरात बसून काय भिंती चाटू?" आणि दार लावलं.

लाँड्री तीन महिन्यांत बंद झाली. ठेकेदाराने शहराबाहेर आपला कारखाना काढला होता, चादरी गाडीने तिकडे जायला लागल्या. बायकांना दुसरं काम देण्याचा जो शब्द होता, तो देणारा माणूसच पुढच्या वर्षी बदलला. भाडेकरूंच्या ठरावाचं म्हणाल तर त्यात 'मोडकळीला आलेली घरं सोडून' असे चार शब्द घातले होते. ते बाबांनीही वाचले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग एकेक घर मोडकळीला आलेलं ठरू लागलं. चांगली धडधाकट घरंसुद्धा.

पुढच्या निवडणुकीत आमचा पक्ष भुईसपाट झाला. आत्याचं डिपॉझिट गेलं. निकालाच्या दिवशी कुणीतरी आमच्या जिन्यात पायऱ्या मोडलेली शिडी आणून उभी केली. आईने ती खाली नेऊन सायकलवाल्याला दिली. न्हावी सत्तेवरच्यांकडे गेला. मास्तरांनी वेगळा पक्ष काढला. चार माणसं होती त्यात, आणि वर्षभरात तोही फुटला. आई म्हणायची, "आता एकेका माणसाचे दोन पक्ष होतील."

बाबा मात्र हटले नाहीत. दर रविवारी टेबल पुसून बसायचे. कुणी आलं नाही तर आत्याला हाक मारायचे, कारण बैठकीला निदान दोघं हवेत. आत्या पडदा सारून यायची आणि समोरच्या बाकावर बसायची. ते देशाच्या परिस्थितीवर बोलायचे, ती ऐकायची. एकदा मी तिला म्हटलं, "तू उठून जात का नाहीस?" ती म्हणाली, "जाऊ कुठे? दार त्याच खोलीतून आहे." मला हसू आलं, तिला आलं नाही.

तिला कुठे काम मिळेना. शिवणाच्या कारखान्यात गेली तर तिथल्या बायकांनी ओळखलं. शाळेत झाडलोटीचं मिळालं, तेही सुटलं. दरम्यान बाबांचा छापखाना बंद पडला, त्यांची नजर अधू झाली आणि आई गेली. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होते, पाठवता येईल तेवढं पाठवत होते. एक दिवस आत्याने कळवलं की काम लागलं. कुठे ते मी गेल्यावरच कळलं. ठेकेदाराच्या लाँड्रीत.

ठेकेदाराने तिला ओळखलं होतं. म्हणाला होता, "आत्याबाई, तुमच्यामुळे तर हा ठेका मिळाला. तुम्हाला नाही कसं म्हणू?" संघटनेच्या भानगडीत पडणार नाही, अशी सही घेतली आणि रोलरवर लावली. रोलरच्या दुसऱ्या बाजूला लंबू होती. तीही दोन वर्षांपूर्वी तिथे लागली होती. पोट कुणाला सुटलंय?

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं, हाताला हात लागेपर्यंत, आणि समोरचीच्या हातात कोपरे द्यायचे. दिवसभर, चादरीमागून चादर, आत्या आणि लंबू अशा समोरासमोर यायच्या. लंबू तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायची. सहा-सात महिने एक शब्द नाही. मग एक दिवस चादर निसटली तेव्हा लंबू म्हणाली, "कोपरा धर." त्यानंतर कामापुरतं बोलणं सुरू झालं. धर, सोड, ओली आहे, बदल.

"म्हणजे मिटलं?" मी विचारलं.

"नाही गं," आत्या म्हणाली. "ओरडली असती तर मिटलं असतं."

तिथे उन्हाळ्यात फार गरम व्हायचं. वरचे झरोके धूळ येते म्हणून बंद ठेवलेले. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. तेव्हा नव्या मुलींना कुणीतरी सांगितलं की ही म्हातारी एकेकाळी पुढारी होती. त्या डबा खायच्या वेळेला तिच्याभोवती जमल्या. "आत्या, तुम्ही बोला ना साहेबांशी."

लंबू पलीकडे बसून जेवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तिला नका विचारू. तिचा हात वर होतो, पण कुणासाठी ते तिला कुणीतरी सांगावं लागतं."

आत्याने डब्याचं झाकण लावलं, उठली आणि मॅनेजरच्या खोलीत गेली. कुणी सांगितलं म्हणून नाही; हे तिने मला अगदी जोर देऊन सांगितलं. मॅनेजर तरुण होता. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, सहीची आठवण करून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं. तिथे दवाखान्यातून आलेली गाठोडी सोडायची, रक्ताचं, घाणीचं वेगळं करायचं. खोलीला खिडकी नाही. झरोके बंदच राहिले. काही दिवसांनी मुलींनी काठीने दोन काचा फोडल्या आणि कुणी फोडल्या ते सांगितलं नाही. हवा आली. यात आत्याचा हात होता की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फुटल्या असतील."

मी तेव्हा घरी आले होते. बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. त्यांना ही हकीकत कळली तशी ते खाटेवर उठून बसले. "म्हणजे पक्ष जिवंत आहे! कागद घे. पत्रक काढू. मी सांगतो, तू लिही."

आत्या पाय चेपत बसली होती. ती त्यांच्यावर कधी ओरडल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ओरडली. "पक्ष नाही दादा! कुठे आहे पक्ष? मी आहे. मी एकटी गेले होते, आणि आता मी घाण निवडते. बस्स, एवढंच आहे."

खाली कुणीतरी सायकलच्या चाकाला हवा भरत होतं. ते थांबलं. मग बाबांनी विचारलं, "मी तेव्हा चुकलो का गं?"

"हो," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मीही. मला 'नाही' म्हणता आलं असतं."

"मग का म्हणाली नाहीस?"

"तू विचारलंच कुठे होतंस?"

बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि चहा टाकायला गेली. पुढचा रविवार आला, पण त्यांनी तिला बैठकीला हाक मारली नाही. त्यानंतर कधीच नाही. त्याच वर्षी ते गेले. पोहोचवायला सायकलवाला होता, मास्तर होते, आणि मागे जरा दूर काका म्हणून ओळखला जाणारा तो जुना मिशाळ सभासद होता. लंबू आली नाही.

मी आत्याला माझ्याकडे घेऊन आले. माझं घर मोठं नाही, पण दोन दारं आहेत, गॅलरी आहे. चार-पाच दिवस ती बरी होती. मग सकाळी उठून तयार होऊन बसायला लागली, कामावर निघाल्यासारखी. मी म्हटलं, "आता कशाला जायचंय? तिथे तुझं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

"इथे सगळे मला चांगली म्हणतात," ती म्हणाली. "शेजारीण म्हणाली, किती प्रेमळ आत्या तुमची. मला छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं गं. तिथे मी काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे."

मी चिडले. रडलेही. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, केस सारखे केले, पण मन बदललं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. पुढची खोली तिने आता सायकलवाल्याला सामान ठेवायला दिली आहे. टायर आणि चाकं लटकलेली असतात, त्यांतून वाकून बाहेर पडावं लागतं. ती अजून मळक्या कपड्यांच्या खोलीतच आहे. परवा फोनवर विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाली, "ठीक आहे. उद्या गाठोडी जास्त येणार आहेत, लवकर जायचंय. ठेव आता."